बिअर आंबट कोणी केली?

फार जुनी गोष्ट आहे, माझ्या अंगावर एकही पोचा नव्हता तेव्हाची. मी वसईच्या बस्त्यावकाकांचं बिअरचं पिंप. पोट मोठं आणि आत सगळं पोकळ. त्यामुळे कोणी काहीही सांगितलं की ते माझ्यात घुमत राहतं.

काका घरीच बिअर करायचे. लेकीचा साखरपुडा ठरला आणि बिअर व्हिनेगरसारखी आंबट लागू लागली.

माझी पितळी तोटी म्हणाली, "प्रत्येक थेंब माझ्यातून जातो, चव मलाच कळते. दोष सातूचा आहे." मला पटलं. काकांनाही तसंच वाटलं. नवा सातू आणून त्यांनी पुन्हा बिअर केली. तीही आंबट!

"मग दोष या पिंपाचाच," तोटी म्हणाली. मला तेही पटलं! काकांनी मला काथ्याने खरवडून काढलं, तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. तरी पुढची बिअर आंबटच.

वैतागून काका ती ओतून द्यायला निघाले. तेवढ्यात फिलोमीनाकाकींनी माझं झाकण काढून पळीभर बिअर चाखली.

"अहो, आतली तर छान आहे!"

त्यांनी तोटी खोलली. आतून बुळबुळीत, आंबूस गाळ निघाला.

"हिला कधी धुतली होती?"

"ती तर चकचकीत दिसायची गं," काका पुटपुटले.

साखरपुड्यात सगळ्यांनी बिअरची तारीफ केली. धुतलेली तोटी ऐटीत म्हणाली, "मी पिंप घासायला लावलं, म्हणून ही चव आली."

आणि खरं सांगू? मला तेही पटलं.