फणसाची शिक्षा

लखबाने दरबारात महाराजांना हात जोडले, ते पुन्हा सुटेचनात!

नऊ वर्षं तो राजवाड्यामागच्या फणसाची राखण करत होता. नऊ वर्षं नुसता वास घेतला, कारण त्या झाडाचे गरे अख्ख्या वेळगडात फक्त रायाजी महाराजांच्या ताटात पडायचे. शेवटी काल भरदुपारी त्याचा धीर सुटला. एक पिकलेला फणस उतरवून त्याने एकट्याने फस्त केला. घाईत हाताला तेल लावायचं तेवढं विसरला! मग चीक काढायला माती चोळली, राख चोळली, आणि हातांवर पार चिकट लगदा झाला.

"फणस कुणी खाल्ला, हे आता विचारायलाच नको," दिवाणजी म्हणाले. "पण महाराज, शिक्षा काय द्यायची? आपल्या आजोबांच्या काळी चोराचा हात तोडत. वडिलांच्या काळी चाबकाचे फटके देत. आपण घालता कोठडीत! तिथे दोन वेळा भाकरी आणि वर ताक. गेल्या महिन्यात सोडलेला गडी चौथ्या दिवशी परत आला. म्हणाला, माझं काही चुकलेलं नाही, पण आत घ्या!"

दरबार खो खो हसला. महाराज मात्र लाल झाले.

"बस्स! आजपासून आजोबांचा कायदा! भिंतीवरचा त्यांचा तो कोयता उतरवा आणि धार लावा!"

खरं तर न्हाव्याचा वस्तरा जरा लागला तरी महाराजांना घेरी यायची. पण एकदा शब्द तोंडातून गेला की गेला. शिऱ्यात मीठ हवं, असं एकदा चुकून बोलून गेले, तर वर्षभर खारट शिरा खात बसले!

लखबा रडू लागला. हात जोडलेलेच, त्यामुळे बिचाऱ्याला डोळेही पुसता येईनात. तेवढ्यात गर्दीतून त्याची लेक तानू पुढे आली. ती थेट महाराजांसमोर जाऊन उभी राहिली.

"महाराज, बानं चोरी केली, शिक्षा द्याच! पर हात तोडू नका. आई गेल्यापास्नं त्याच हातांनी त्यानं मला भाकरी थापून घातलीया."

महाराजांना वाईट वाटलं, पण माघार कशी घेणार?

"मग तू सांग कोयत्यापेक्षा जबर शिक्षा! रक्ताचा थेंब सांडता कामा नये. अंगावर वळ उठता कामा नये. आणि कोठडीतली भाकरी खर्ची पडता कामा नये! उद्या सकाळपर्यंत सुचली तर ठीक. नाहीतर कोयता!"

तानू तेलाची बुधली घेऊन कोठडीत गेली. बापाचे हात चोळून चोळून सोडवले. मनातून ती पार घाबरली होती, आणि रागही आला होता.

"बा, येवढी कसली रं हाव?"

"हाव न्हाई गं पोरी," लखबा हुंदका देत म्हणाला. "नऊ वरसं फणस डोळ्यांसमोर पिकतोय, वास नाकात जातोय, आन खायाचा न्हाई! फटके परवडले असते!"

तानू चोळता चोळता थांबली. मग चक्क हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तीच बुधली घेऊन दरबारात हजर!

"सापडली शिक्षा?" महाराजांनी विचारलं.

"व्हय महाराज. आजपास्नं त्या झाडाचा हरएक फणस बानं फोडायचा, आन गरे सगळ्या गावाला वाटायचे. सवताच्या तोंडात मातुर एक गरा घालायचा न्हाई!"

महाराज मांडीवर थाप मारून हसले. "ही शिक्षा? हा तर मान झाला! कुणीही करेल!"

"मग आपणच करून दावा. एकच फणस! जमलं तर शिक्षा हलकी, बाचा हात तुमचा."

"आणा फणस! आजचा हा फणस रयतेचा!"

अंगणात गावाची रांग लागली. तानूने महाराजांच्या हातांना तेल चोळलं आणि सगळ्यात मोठा फणस समोर ठेवला. फणस फुटला मात्र, असा वास सुटला की दिवाणजींनीच आवंढा गिळला! पहिला गरा परटिणीला मिळाला. तिने डोळेच मिटले.

"अगं बया! मध हाय मध!"

दहाव्या माणसापर्यंत महाराज हसत होते. विसाव्यापर्यंत घाम पुसत होते. मग आला एक बोळका म्हातारा. तो गरा इकडून तिकडे घोळवत, रस गिळत, महाराजांसमोर उभाच! हलेचना!

महाराजांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. तानू मुद्दाम झाडाकडे बघत होती. एक गरा तोंडात गडप!

रांग संपली. दिवाणजी पुढे झाले. "काय महाराज, हलकी ना शिक्षा?"

"हं."

"म्हणजे कोयता?"

"हं! हं हं!" महाराज जोरजोरात आडवी मान हलवू लागले, पण तोंड काही उघडेना. तेल हातांना होतं, मिशीला नव्हतं! गऱ्याबरोबर आलेल्या चिकाने झुपकेदार मिशी खालच्या ओठाला गच्च बसली होती.

तानू जवळ आली. मिशी तिने नीट न्याहाळली, मग अदबीने वाकली.

"महाराज, रयतेचा एक गरा चोरीला गेलाय. आता सांगा, तेल आणू का कोयता?"

आधी महाराजांचे खांदे हलले, मग पोट हललं, मग डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी दोन्ही हातांनी बुधलीकडे बोट दाखवलं! तेल लागलं, मिशी सुटली, आणि कोंडलेलं हसू अंगणभर उसळलं.

"जबर आहे गं पोरी, भलतीच जबर! मला एक फणस झेपला नाही! लखबा, तुला सगळे!"

"अरं देवा!" लखबा ओरडला. "महाराज, त्यापरीस दोन फटके द्या की!"

"आणि या कोयत्याचं काय करायचं?" दिवाणजींनी विचारलं.

"तानूला द्या. लखबाला फणस फोडायला लागेल. आणि प्रत्येक फणसातले पहिले पाच गरे तिचे!"

त्या दुपारी लखबाने आजोबांच्या कोयत्याने पहिला फणस फोडला. तानू त्याच्यासमोर पाटावर बसून आपले पाच गरे एकेक करून, अगदी सावकाश खात होती.