हत्तीचा पाय आणि शेठजींचा गूळ

काना-मात्रा चुकली असेल तर सुधारून वाचा. शब्दही साधेच आहेत, मला तेवढेच येतात.

देवकोंडच्या राजाचा हत्ती एका सकाळी कुंभारवाड्यात शिरला आणि म्हाळसा कुंभारणीची माठांची भट्टी तुडवून पलीकडे निघून गेला. हत्तीवर राजा बसला होता. त्याला थोडा धक्का बसला, बाकी काही कळलं नाही.

उन्हाळ्यात विकायचे सगळे माठ त्या भट्टीत होते. आता म्हाळसेला चाक विकावं लागणार होतं, आणि चाक गेलं की कुंभाराकडे राहतंच काय? ती तडक दरबारात गेली.

"महाराज, माझी भरपाई द्या."

रणधवल राजा तत्त्वाचा पक्का होता. आपलं तत्त्व त्यानं वेशीवर दगडात कोरून घेतलं होतं. तेच त्यानं म्हाळसेला ऐकवलं, "बाई, राज्य बाजारात हात घालत नाही. ज्यानं त्यानं आपल्या बळावर तरावं, नाहीतर बुडावं."

"हात कुठं म्हणतेय मी? पाय घातला. हत्तीचा."

दोन-तीन दरबारी खोकले. राजा हलला नाही.

समोरच्या गादीवर नगरशेठ धर्माशेठ बसला होता. भाव चढेल म्हणून त्यानं कोठारात गूळ दाबून ठेवला होता. भाव चढला नाही, गूळ मात्र पाघळला. त्या गुळाची पूर्ण किंमत राज्यानं भरून द्यायची, असं त्याच दिवशी ठरलं होतं. पैशांच्या थैल्या पुढच्या दरबारात मिळायच्या होत्या.

"मग शेठजींचा गूळ बाजारातला नव्हता का?" म्हाळसेनं विचारलं.

"होता. पण शेठ मोठा माणूस. तो पडला तर नगर पडेल."

"आणि मी पडले तर?"

"आवाजसुद्धा व्हायचा नाही."

"झाला की, महाराज. भट्टीभर माठ फुटले. हत्ती दचकला, तुम्हीच नाही दचकलात."

हे मात्र राजाला लागलं. तो म्हणाला, "ठीक आहे. पुढच्या दरबारात शेठजींनी आपल्या तोंडानं 'मला मदत नको' म्हटलं, तर तुझी भरपाई देईन. तसं म्हटलं नाही, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

दरबार हसला. शेठनं जन्मात कशालाच 'नको' म्हटलं नव्हतं. पंगतीत वाढपीच कंटाळून पुढे जायचे. शेठलाही म्हाळसेची कीव आली. कीव करायला खर्च येत नव्हता.

देवकोंडात एक जुनी रीत होती. कुणाचं घर जळालं की शेजारणी सूप घेऊन दारोदार फिरायच्या. पुढे हलगी वाजायची आणि घराघरातून मूठभर धान्य सुपात पडायचं. पुढचा दरबार भरायचा होता त्या सकाळी म्हाळसेनं सूप घेतलं, हलगीवाल्याला बरोबर घेतलं आणि निघाली.

पहिलंच दार राधा गवळणीचं. ती ओंजळभर ज्वारी घेऊन आली. "कुणाचं घर जळालं गं?"

"घर नाही जळालं, राधाकाकू. आपले नगरशेठ. राज्यानं मदत द्यायची ठरवलीय त्यांना. ती पुरते का नाही कोण जाणे, म्हणून म्हटलं आपलीही मूठ असावी."

राधेचा हात सुपावरच थांबला. "अगं, माझ्या पाटल्या आहेत त्यांच्याकडे ठेवायला."

"मग दोन मुठी घाला."

राधेनं ज्वारी टाकली आणि पदर खोचून सरळ शेठच्या पेढीकडे निघाली. पुढच्या घरच्या सोनाराचंही तसंच झालं, त्याच्या पुढच्या तेल्याचंही. म्हाळसा एक अक्षर खोटं बोलत नव्हती. सूप भरत होतं आणि पेढीपुढे माणसं वाढत होती.

"माझी ठेव द्या, शेठजी."

"आज अचानक काय झालं तुम्हाला? मी ठणठणीत आहे."

"ठणठणीत माणूस मदत कशाला घेईल?" राधा म्हणाली. "पाटल्या काढा."

तेवढ्यात शेजारच्या गावाहून शेठच्या होणाऱ्या व्याह्यांचा माणूस आला. मुलांचं लग्न यंदाच करायचं की शेठजी सावरल्यावर, असं त्यांनी फार काळजीनं विचारलं होतं. आणि मागून हलगी ऐकू आली. म्हाळसा भरलेलं सूप घेऊन पेढीकडेच येत होती.

शेठनं जोडेसुद्धा घातले नाहीत. अनवाणी धावत तो दरबारात पोचला. त्याच्यामागे राधा, सोनार, तेली, व्याह्यांचा माणूस आणि शेवटी हलगी.

"महाराज, मला मदत नको! दवंडी पिटवा. धर्माशेठला कधीच काही कमी नव्हतं."

"आणि तो पाघळलेला गूळ?" राजानं विचारलं.

"तो मी मुंग्यांना दान केला, महाराज."

म्हाळसेनं सूप त्याच्यापुढे ठेवलं. "मग हे धान्य?"

"हेही नको."

शेठ एका दिवसात दोनदा 'नको' म्हणाला, हे पाहून म्हाताऱ्या प्रधानानं डोळे पुसले. मागे ठेवीदारांचा जीव भांड्यात पडला, आणि व्याह्यांचा माणूस समाधानानं आपल्या गावी परत गेला.

राजा म्हाळसेकडे वळला. तो अजून हरायला तयार नव्हता. "मदत घेणार म्हणताच लोकांनी शेठला बुडाला म्हटलं. उद्या तू भरपाई घेतलीस, तर तुलाही तेच म्हणतील. मग तुझे माठ कोण घेईल?"

"महाराज, मी कशी बुडाले ते सगळ्या गल्लीनं पाहिलंय. वर कोण बसलं होतं, तेही पाहिलंय."

दरबारात कुणी खोकलंसुद्धा नाही. राजानं हसू दाबून धरलं, पण ते धरवेना. तो इतका हसला, की मुकुट हातात घ्यावा लागला.

"शेठसाठी काढलेल्या थैल्यांतून हिच्या माठांची भरपाई द्या," तो म्हणाला. "राज्यानं बाजारात हात घालू नये, हे माझं म्हणणं कायम आहे. पण पाय घातलाच आहे, तर तो कामाला लावू."

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्ती कुंभारवाड्यात उभा राहून म्हाळसेची माती तुडवत होता. मधूनमधून तो सुपातलं धान्य खात होता. राजा ते पाहायला आला, पण चालत आला.