तिसरा प्रश्न

फार पूर्वी शोणपूर नगरीत सुमुख राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या एका जुन्या अमात्यकुळात जन्माला आले. त्यांचे नाव वसुपाल. नगराच्या वेशी, पहारा आणि वेशीजवळचे अन्नसत्र या तिन्ही गोष्टी वडिलांच्या मागे त्यांच्याकडे आल्या होत्या. त्या जशा आल्या तशाच त्यांनी चालवल्या.

शोणपुरात एक रीत होती. सूर्य मावळायच्या सुमारास, वेशी बंद होण्याआधी, पहारेकरी ओवऱ्यांमधून फेरी मारीत. ज्यांना घर नाही अशी माणसे तिथे पथाऱ्या पसरून असत. पहारेकरी प्रत्येकासमोर थांबून तीन प्रश्न विचारी. नाव काय? गाव कोणते? जेवलास का? जो जेवला नसेल त्याला अन्नसत्रात नेत, आणि जेवण झाल्यावर धर्मशाळेत जागा दाखवीत. ही रीत कोणी घातली हे कोणालाच ठाऊक नव्हते.

सुमुख राजा मनाने वाईट नव्हता. मात्र आपण दयाळू आहोत असे लोकांनी म्हणावे याची त्याला फार हौस होती. ही हौस प्रियंवद नावाच्या दुसऱ्या अमात्याने बरोबर हेरली. प्रियंवद बोलण्यात मोठा गोड. एके दिवशी भरसभेत तो म्हणाला, "महाराज, गरिबाला दारोदार नाव-गाव विचारणं म्हणजे त्याच्या जखमेवर बोट ठेवणं. आपल्या राज्यात हा अपमान शोभत नाही. ते आपल्या नगराचे पाहुणे आहेत. त्यांना हवं तिथं झोपू द्यावं."

राजाला पाहुणे हा शब्द आवडला. दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली गेली. ओवरीत झोपणाऱ्यांना पाहुणे म्हणावे आणि त्यांना कोणी काही विचारू नये.

वसुपाल उठून म्हणाले, "महाराज, पाहुण्याला कोणी रस्त्यावर झोपवतं का?"

सभेत थोडा हशा पिकला. राजाला ते लागले. "अमात्य, काळ बदलला," एवढे बोलून त्याने तोंड फिरवले.

पहारेकऱ्यांना मात्र आनंद झाला. विचारायचे नाही म्हणजे फिरायचेही नाही. ते देवडीत बसून सोंगट्या खेळू लागले. कोणाला आणायचे नाही म्हणून अन्नसत्राच्या चुली गार पडल्या, धर्मशाळेला कुलूप लागले आणि पाहुणे उपाशीपोटी ओवरीत पडून राहू लागले. दरबारात मात्र गरिबांचा किती मान राखला जातो याची स्तुती चालू होती.

दक्षिणेच्या अरण्यातली एक टोळी तर या दवंडीच्या आधीपासूनच गावे जाळीत सुटली होती. रात्रीत घरे पेटवायची, माणसे मारायची आणि भयाने गाव रिकामे झाले की पुढे सरकायचे, असा त्यांचा धंदा. प्रियंवदाने त्यांनाही नवे नाव दिले. तो म्हणे, "ते दरोडेखोर नव्हेत, रुसलेले आहेत. रुसवा काढला की येतील जवळ." मग राजाने त्यांच्याकडे शेले आणि लाडवांच्या परड्या पाठवल्या. टोळीने लाडू परत पाठवले, आणि घेऊन गेलेल्या दूताला ठेवून घेतले.

वसुपाल राजाला एकांतात भेटले. "महाराज, रुसलेल्या जावयाची समजूत काढतात. हातात कोलीत घेऊन आलेल्याचा आधी हात धरावा लागतो. प्रजेनं तुम्हाला राजा केलं ते तिला निर्धास्त झोप लागावी म्हणून. ती झोप तुम्ही गोड शब्दांवर उधळता आहात." राजाने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून वसुपालांना सभेत बोलावणेच बंद केले.

मग एका पहाटे धान्यबाजार पेटला. आग लावणारे ओवरीतच मुक्कामाला होते, पाहुणे म्हणून. त्यांना कोणी काही विचारले नव्हते. पुष्कळ माणसे होरपळून मेली. दुकानाच्या माडीवर झोपलेली लहान मुलेही त्यांत होती. नगरात आक्रोश उठला, आणि त्या आक्रोशाने राजा भ्याला.

आता प्रियंवदाचा गोडवा आंबला. ज्या तोंडाने तो पाहुणे म्हणाला होता त्याच तोंडाने म्हणाला, "महाराज, ही घाण साफ केली पाहिजे. ओवरीतली सगळी माणसं नदीपार हाकलावीत. आणि एकाला तरी सुळावर द्यावं, म्हणजे लोक शांत होतील." असा एक सापडलाही होता. जळलेल्या बाजारात, दोन्ही तळवे भाजलेला, फाटका माणूस. पहाऱ्याने नाव विचारले तर बोलला नाही. गाव विचारले तर बोलला नाही. न बोलणे हाच गुन्ह्याचा पुरावा ठरला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याला सुळावर द्यायचे ठरले.

त्या दुपारी एक बाई वसुपालांच्या दारात येऊन जमिनीवर बसली. तिचे नाव सोणा. ती बुरुडकाम करी. टोळीने गाव जाळल्यावर भावाला घेऊन ती शोणपूरला आली होती.

"बाबा, त्यो माझा भाऊ हाय, भद्रक," ती म्हणाली. "मुका हाय जन्माचा. त्यो काय नाव सांगणार? आधी पहारेकरी विचारायचे तवा मी सांगायची. समद्यांना ठाव होतं, ह्यो मुका भद्रक. मग तुमी विचारायचं सोडलं. जुने पहारेकरी गेले, नवे आले. आता त्याला कोन वळखतंय?"

"हात कसे भाजले त्याचे?"

"माडीवरनं पोरं उतरवली त्यानं. दोन. तिसऱ्याला गेला तवा जिना पडला."

वसुपालांच्या डोळ्यांत पाणी आले. भद्रकाला त्यांनीच कितीदा अन्नसत्रात बसलेले पाहिले होते. ते उठले, आणि बोलावणे नसताना सभेत जाऊन उभे राहिले.

"महाराज," ते म्हणाले, "ज्यांना ओळखायचं नाही असं आपण काल ठरवलं, त्यांनाच आज अनोळखी म्हणून मारणार का? काल आपण त्यांना विचारलं नाही तेव्हा दयाळू झालो. आज हाकलतो आहोत तेव्हा कडक झालो. दोन्ही वेळा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं कोणी? मारेकरी मोकळा आहे आणि मुका बांधलेला आहे. याला राज्य म्हणायचं?"

"त्याच्यासाठी जामीन कोण राहील?" राजाने विचारले. त्याचा आवाज खाली आला होता.

"मी. तो दोषी ठरला तर सुळावर मी जाईन. मला फक्त आजची संध्याकाळ द्या. चुली पेटवा. पहारेकऱ्यांना सोंगट्या ठेवून ओवऱ्यांत पाठवा. तिन्ही प्रश्न विचारू द्या."

प्रियंवद म्हणाला, "नाव-गाव विचारा हवं तर. पण आग लावणाऱ्यांना जेवलास का म्हणून काय विचारायचं? तिसरा प्रश्न कशाला?"

"कशाला ते मला ठाऊक नाही," वसुपाल म्हणाले. "माझ्या वडिलांनाही ठाऊक नव्हतं. पण ज्यांनी हे नगर वसवलं त्यांनी तो ठेवला आहे. कारण कळेपर्यंत मी तो काढणार नाही."

राजाने होकार दिला. अजून उजेड होता, तेव्हाच तो स्वतः वसुपालांबरोबर वेशीवर गेला. पहारेकरी फिरू लागले. कोणी हातमागवाला निघाला, कोणी घरातून काढलेली म्हातारी, कोणी गाव जळालेला माळी. "जेवलीस का?" म्हटल्यावर म्हातारी कितीतरी वेळ त्या पहारेकऱ्याकडे नुसती बघत राहिली. राजाची मान खाली गेली.

पश्चिम वेशीच्या ओवरीत तीन गोसावी बसले होते. त्यांनी नाव सांगितले, गाव सांगितले, कुठे म्हणून अडखळले नाहीत.

"बुवा, जेवलात का?" पहारेकऱ्याने विचारले.

"जेवलो," थोरला म्हणाला.

पहारेकरी जुन्या वळणाचा. आग्रह केल्याशिवाय त्याला राहवेना. "असं कसं! वेशीत आलात आणि तसेच झोपणार? घासभर घ्या." त्याने अन्नसत्रातून भात मागवून पत्रावळी मांडल्या आणि आपल्याकडे वाढतात तसे, डाव्या हाताला, आधी चिमूटभर मीठ वाढले. मग वाफाळता भात घातला.

तिघांतल्या सर्वांत हडकलेल्या माणसाचा हात आपसूक भाताकडे गेला. थोरल्याने झटकन त्याचे मनगट पकडले. "मीठ आहे त्यात!" तो दबक्या आवाजात खेकसला.

राजाने ते ऐकले. त्याने वसुपालांकडे पाहिले, आणि दोघांनाही एकाच वेळी उमगले. अरण्यातल्या टोळ्या घरे जाळीत, लेकरे मारीत, पण खाल्ल्या मिठाला जागत. ज्या नगराचे मीठ पोटात गेले त्याच्यावर हात उचलायचा नाही ही त्यांची शपथ दोघांनीही कधीतरी ऐकली होती. नगराचे अन्न म्हणजे नगराचे मीठच, म्हणून तर गोड लाडूही परत आले होते. गोसाव्यांच्या झोळ्या उघडल्या तेव्हा राळ, तेलात भिजवलेल्या चिंध्या आणि चकमक निघाली. धान्यबाजार आपणच पेटवला हे त्या हडकलेल्याने रडत रडत कबूल केले.

"यांना काय करू?" राजाने विचारले.

"सूळ नको," वसुपाल म्हणाले. "दारही उघडं नको. जन्मभर बंदीत ठेवा. आणि तिथंही रोज संध्याकाळी विचारा, जेवलास का म्हणून."

राजा पायी चालत कारागृहात गेला. भद्रकाच्या बेड्या काढल्या गेल्या. सोणा दाराशी उभी होती. राजा त्या मुक्या माणसासमोर खाली बसला.

"नाव काय?"

"भद्रक," सोणा म्हणाली.

"गाव कोणतं?"

सोणा म्हणाली, "जळालं, म्हाराज."

"मग शोणपूर सांग," राजा म्हणाला. आणि मग त्याने तिसरा प्रश्न विचारला.

भद्रकाने मान हलवली. नाही. पकडल्यापासून त्याला कोणी काही खायला दिले नव्हते. भाजलेल्या हातांनी त्याला घास उचलता येईना, तेव्हा राजाने आपल्या हाताने त्याला भरवले. पुढे तो राज्यावर होता तोवर संध्याकाळी वेशीवर जायचे चुकला नाही.

जेतवन विहारात ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. मग म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सुमुख राजा म्हणजे आपला हा भिक्षू आनंद. सोणा ही आज तुम्हाला दारात भिक्षा वाढणारी उपासिका. प्रियंवद आजही पुष्कळांच्या जिभेवर राहतो, त्याला एकाच माणसात शोधू नका. अमात्य वसुपाल मीच होतो. आणि भद्रक म्हणजे काल सायंकाळी आलेला तो पाहुणा, जो मंडपाच्या कोपऱ्यात बसला आहे. त्याला तुम्ही मोठ्या आदराने जागा दिलीत आणि अजून काही विचारलेलं नाही."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. एक वृद्ध भिक्षू उठला, भिक्षापात्र घेऊन त्या माणसाजवळ गेला आणि खाली बसला.

शास्ते म्हणाले, "दुसऱ्याला ओळखण्याचे कष्ट घेते ती करुणा. त्या जन्मी मी तिचीच पारमिता, म्हणजे परिपूर्णता, साधली."