वाढत्या अंगाचा बांबू

घळीकाठच्या सागवनात एक मुंगूस राहत असे. त्याला एक पिल्लू होते आणि एक मत होते. पिल्लू लहान होते, मत फार मोठे होते. मत असे की, पोरांसाठी जे काही घ्यायचे ते वाढत्या अंगाचे घ्यावे. पिल्लू जन्मले त्या दिवशी बापाने बीळ खणले ते इतके प्रशस्त, की थंडीत पिल्लू एका कोपऱ्यात कुडकुडत असे आणि उरलेल्या बिळात वारा राहत असे.

आता मुलांनो, घळ केवढी ते आधी सांगून टाकतो. मी स्वतः मोजली आहे. बिबट्याला शेपटीसकट तीनदा आडवा निजवला, तेव्हा कुठे ती भरली. तिसऱ्यांदा निजवताना बिबट्या जरा कुरकुरला, पण मोजणी पुरी झाली. घळीच्या अलीकडचे पाणी होळीलाच आटे आणि मग मृगापर्यंत सगळे चिखल चाटत. पलीकडे मात्र बारमाही झरा. म्हणून चैत्रात, वयात आलेली पिल्ले बांबूच्या आधाराने उडी मारून पलीकडे जात. धावत यायचे, घळीच्या मधोमध जो उंच खडक आहे त्याच्या खोबणीत बांबूचे टोक टेकवायचे. मग बांबू आपल्या वजनाने वाकतो आणि सरळ होता होता आपल्याला पलीकडे फेकतो. एकदा गेला तो कायमचा पलीकडचा, राहिला तो चिखलाचा. मुंगसाला बांबू धरायला हात कुठले, असे मधेच विचारू नका. गोष्ट ऐकायची असेल तर हाडे मोजायची नाहीत.

बांबू द्यायचे काम अस्वलकाकांकडे. त्यांच्या बेटातला एकही बांबू ते माप घेतल्याशिवाय कुणाला देत नसत. बांबू दोन फांद्यांवर आडवा ठेवायचा आणि पिल्लाला मधोमध लोंबकळायला लावायचे. मुंगसाच्या पिल्लासाठी त्यांनी चार बांबू काढले. पहिला कटकन वाजला. दुसरा जमिनीपर्यंत झुकला. तिसरा ढिम्म हलला नाही. चौथा मात्र धनुष्यासारखा वाकला आणि पिल्लाने पकड सोडताच सरळ झाला.

"हा तुला ओळखतो," अस्वलकाका म्हणाले. "पण टोकाला धरू नकोस हं. नवशिक्याने पाचव्या पेरापाशी धरायचं. टोकाला धरायची हौस असते सगळ्यांना."

"टोकाला धरलं तर जास्त लांब जाईन ना?"

"जाशील. खाली."

पिल्लाने त्या बांबूवर आठ दिवस सराव केला. आधी पाऊलवाट ओलांडली, मग वाळका ओढा. बांबू वाके, पिल्लू हवेत जाई आणि पलीकडच्या पाचोळ्यात पडून खदाखदा हसे. नवव्या दिवशी ते बापाला म्हणाले, "बाबा, परवा मी झऱ्याचं पाणी पिणार." आणि मुलांनो, मी या घळीवरच्या उड्या बऱ्याच पाहिल्या आहेत, त्यांतल्या निम्म्या तर झालेल्याही नाहीत, पण ते पिल्लू पलीकडे गेलेच असते, हे मी खोटे सांगत नाही.

त्याच दिवशी कोल्हा बिळावरून चालला होता. त्याने दाराशी टेकवलेला बांबू पाहिला, वाकून पाहिला, लांबून पाहिला.

"काय मुंगूसराव, दात कोरायची काडी आणलीत वाटतं?"

"काडी कसली? पोराचा बांबू आहे तो. उडीचा."

"असं होय! नाही, छान आहे. लहानसा आहे. तुमच्या घराला शोभेलसा आहे." एवढे बोलून कोल्हा शेपटी झुलवत निघून गेला.

मुंगसाला अन्न गोड लागेना. त्याने पिल्लाला आणि बांबूला धरले आणि तडक अस्वलकाकांचे बेट गाठले.

"हे काय दिलंत? वाढत्या अंगाचा द्या."

"अंग वाढेल तेव्हा वाढेल," अस्वलकाका म्हणाले. "उडी परवा आहे."

"आणि पुढच्या वर्षी? दरवर्षी काय नवा बांबू शोधत बसायचं?"

पिल्लू हळूच म्हणाले, "बाबा, परवा पलीकडे गेलो की पुढच्या वर्षी बांबू लागणारच नाही."

"मोठी माणसं बोलताना मधे बोलू नये," बाप म्हणाला. मुंगूस स्वतःला माणूस का म्हणाले, ते मला माहीत नाही. रागात असले की सगळेच म्हणतात.

अस्वलकाकांनी पुष्कळ समजावले. जाड बांबू पिल्लाच्या वजनाने वाकणार नाही, वाकला नाही तर पलीकडे फेकणार नाही, खांबासारखा उभा राहील आणि ज्या बाजूने आला त्याच बाजूला परत पाडील. बाप ऐकत होता, पण त्याचे डोळे बेटाच्या मागच्या बाजूला होते. तिथे रानडुकरांच्या मापाचा एक हिरवागार बांबू उभा होता. मनगटाएवढा जाड. दहा हात लांब.

"तो द्या."

"अहो, तो डुकराच्या अंगाचा आहे."

"माझं पोर काय कायम एवढंच राहणार आहे? नजर लावता का?"

 अस्वलकाकांनी कोयता उचलला आणि बांबू तोडून दिला. बापाशी वाद घालायचा कंटाळा आला, एवढेच त्यांचे कारण. पुढे ते हे कारण ज्याला त्याला सांगत सुटले. ऐकणाऱ्यांना ते पटे, त्यांना स्वतःला कधी पटले नाही. बारीक बांबू त्यांच्याच अंगणात पडून राहिला.

उडीच्या दिवशी घळीवर सारे रान लोटले. मुंगूस पुढे आणि बांबूचे शेंड्याकडचे टोक त्याच्या खांद्यावर. मागे बुडख्याखाली पिल्लू. लोक वळून वळून पाहत होते, आणि मुंगूस उगाचच वाट वाकडी करून गर्दीतून चालत होते.

"बाबा, हा वाकत नाही. मी काल ओढ्यावर करून पाहिलं."

"नवा आहे. वाकेल."

"मला उचलवतसुद्धा नाही."

"जोर लाव. आमच्या वेळी असे बांबू बघायलाही मिळत नव्हते." हे मात्र खरे होते. मुंगूस आपल्या वेळी घळीच्या काठापर्यंतही आले नव्हते.

पहिली पाळी कोल्ह्याच्या पोराची आली. त्याच्या हातात बारीक, पिवळसर, मापाचा बांबू होता. अस्वलकाकांनी चारदा लोंबकळायला लावून दिलेला. पोर धावले, बांबू धनुष्यासारखा वाकला आणि पोर पलीकडच्या गवतात जाऊन पडले. उठून त्याने पहिले काही केले असेल, तर झऱ्यात तोंड बुडवले.

"बाबा, बघा ना," पिल्लू म्हणाले. "त्याचा वाकला."

"वाकला!" मुंगूस तुच्छतेने म्हणाले. "वाकतो तो कसला बांबू? आपला बघ, मोडेल पण वाकायचा नाही."

कोल्हा शेजारीच उभा होता. "खरं आहे," तो म्हणाला. "आमचं आपलं साधं पोर, साधा बांबू. तुमच्यासारखी छाती आमची कुठली!" आणि पलीकडच्या पोराला त्याने हात केला.

पिल्लू धावले. धावले म्हणजे बांबूने त्याला ओढत नेले. टोक कसेबसे खोबणीत बसले. बापाने ओरडून सांगितले होते म्हणून पिल्लाने बांबू अगदी शेंड्याला धरला होता. बांबू उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. वाकला नाही. वर टोकाला, घळीच्या बरोबर मधोमध, पिल्लू लटकत होते. तिथून त्याला झरा अगदी स्वच्छ दिसला. काठचे शेवाळ दिसले, पाण्यावर वाकलेली जांभूळ दिसली, ओल्या तोंडाचे कोल्ह्याचे पोर दिसले. मग बांबू सावकाश, एखादे दार लोटावे तसा, अलीकडे कलला.

खाली निवडुंग होता आणि निवडुंगाखाली दगड होते.

पिल्लू वाचले. मागचा एक पाय तेवढा गेला. समाचाराला आलेल्या प्रत्येकाला मुंगूस दाराशी नेई आणि उभा करून ठेवलेला बांबू दाखवी. "एवढ्या उंचावरून पडला, पण चीर नाही गेली कुठे. वस्तू म्हणाल तर एक नंबर." लोक बांबूवर टिचकी मारून पाहत आणि मान डोलावत. आत वाऱ्याच्या बिळात पिल्लू पाय धरून पडलेले असे. त्याला पाहायला कुणी आत गेले, असे माझ्या ऐकिवात नाही. एक अस्वलकाका गेले. त्यांनी तो बारीक बांबू कापून त्याची कुबडी करून आणली होती. पिल्लाने ती काखेत घेतली, वजन टाकले आणि म्हणाले, "काका, माप बरोबर आहे." अस्वलकाका बाहेर आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी कोयता घळीत टाकून दिला.

पुढचा चैत्र आला. मधल्या काळात मुंगसाला आणखी एक पोर झाले होते. मुलगी. थोरल्याहून चणीने लहान, पण धावायला चपळ. घळीकडे निघायच्या दिवशी बापाने दारातला बांबू झटकला, त्यावरची कोळिष्टके पुसली आणि तो तिच्या खांद्यावर ठेवला. तिचे गुडघे वाकले. बांबू वाकला नाही.

"बाबा," कुबडीवरचे पिल्लू म्हणाले, "हिला तो नका देऊ."

"का? घरात आहे की चांगला. आणि तुझ्या अंगाला झाला नाही, म्हणून काय टाकून द्यायचा?" बाप म्हणाला. "वाढत्या अंगाचा घेतला होता, तो याचसाठी."

तात्पर्य : उडी ज्याला मारायची, त्याच्या आजच्या वजनाने वाकेल तोच बांबू त्याच्या हाती द्यावा, बापाच्या मानाच्या मापाने घेतलेला बांबू शाबूत राहतो, पोर राहत नाही.