हरणीची साक्ष

"आठ दिवसांत ती हरणी या दरबारात साक्षीला उभी राहिली नाही, तर पारध्यांचे सगळे फासे जाळून टाकू," असा हुकूम बेलसंगीच्या रणोजीमहाराजांनी सोडला, आणि झुंबर पारधिणीला वाटलं, तोंड उघडण्याआधी आपण जीभ चावली असती तर बरं झालं असतं.

झालं होतं असं. बेलसंगीच्या माळावरची हरणं कमी झाली होती. ती का कमी झाली, हे शोधायला महाराजांनी पाच शिकारी सरदारांची मंडळी नेमली. दूध कुठे गेलं याची चौकशी मांजरांकडे सोपवावी, तसंच ते. मंडळींनी महिनाभर खल केला, खल करताना भूक लागते म्हणून नऊ हरणं खाल्ली, आणि शेवटी कायदा लिहिला. पाणवठ्यावर शिकार करू नये. गाभण मादीला मारू नये. पाडसाच्या मागे लागू नये. कलमं मोठी सुरेख होती. फक्त प्रत्येक कलमाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'सरदार मंडळी सोडून.'

"नियम लागतात ते पोटासाठी मारणाऱ्यांना," मंडळींचे प्रमुख मानाजीराव म्हणाले. "आम्ही हौसेसाठी मारतो. आमच्या रक्तातच नीती असते."

कायद्याची शाई वाळायच्या आत, गाभण माद्या मारतो असा ठपका ठेवून झुंबरच्या म्हाताऱ्या बापाचे, शिवल्याचे, फासे जप्त झाले. फासे गेले म्हणजे चूल गेली. तीन दिवस अंबाडीच्या पाल्यावर काढले आणि चौथ्या दिवशी झुंबर थेट दरबारात येऊन उभी राहिली.

"महाराज, फाशात गाभण मादी सापडली तर पारधी ती सोडून देतो. आमच्यात हे आज्याच्या आज्यापासून आहे. चार महिन्यांमागे माझ्या बानं एक हरणी सोडली. त्या दिवशी घरात दाणा नव्हता."

"कोणी पाहिलं?" मानाजीरावांनी विचारलं.

"मी पाहिलं, बानं पाहिलं आणि त्या हरणीनं पाहिलं."

"पारध्याला पारध्याची साक्ष चालत नाही. मग राहिली हरणी. बोलाव तिला."

दरबार खदखदून हसला. महाराजांनाही गंमत वाटली, आणि त्या गमतीतूनच तो हुकूम निघाला.

घरी आल्यावर शिवल्यानं सगळं ऐकून घेतलं. "आणायची कशानं? फासे त्यांच्यापाशी. आणि बांधून नेलीच, तर दरबाराच्या पायरीवर भ्यानंच जीव सोडेल."

"मग न्यायची नाही," झुंबर म्हणाली. पण नेली नाही तर काय करायचं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती माळावर गेली. पाच दिवस खुरांचे माग काढत हिंडली. पायांना सराटे टोचून टोचून जागा उरली नाही. सहाव्या दिवशी ओढ्याकाठी तिला ती हरणी दिसली, आणि तिच्यासोबत जे दिसलं, ते बघून झुंबर तिथेच गवतात बसून एकटीच हसली.

आठव्या दिवशी ती दरबारात रिकाम्या हातांनी आली.

"हरणी कुठे?" महाराजांनी विचारलं.

"बाळंत झालीय, महाराज. सव्वा महिना व्हायचाय. बेलसंगीत बाळंतिणीला चावडीवर बोलवायची चाल नाही. पंचच तिच्या दारी जातात."

महाराजांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "चला," ते म्हणाले.

झुंबरनं अटी घातल्या. बंदूक नको, घोडा नको, अत्तर नको. मानाजीराव बंदुकीशिवाय माळावर पहिल्यांदाच चालत होते. हात कुठे ठेवावेत, तेच त्यांना कळेना.

दिवस कलताना ती सगळ्यांना ओढ्याजवळ घेऊन गेली. वारा समोरून येत होता. बाभळीच्या आडोशाला सगळे उकिडवे बसले. बऱ्याच वेळानं हरणी पाण्यावर आली. तिच्या उजव्या पुढच्या पायावर केस गेलेलं एक कडं होतं, फास रुतल्याची खूण. पोटाखाली पाडस ढुशा देत होतं.

"पण ती काही बोलली नाही," मानाजीराव कुजबुजले.

"बोलली की, सरदार. पाय दाखवला, लेकरू दाखवलं. आता तुमचा एखादा साक्षीदार बोलवा. तुमची गोळी खाऊन लेकरासकट घरी गेलेलं एखादं जनावर."

मानाजीरावांनी बाकीच्या सरदारांकडे पाहिलं. बाकीचे सरदार बाभळीकडे पाहत होते.

"आणि माझे साक्षीदार, पोरी?" महाराजांनी हळूच विचारलं.

गोड बोलून सुटायची वेळ अजून गेली नव्हती. पण पाच दिवसांचे सराटे अजून तळपायात होते.

"महाराजांचे साक्षीदार पुष्कळ आहेत," ती म्हणाली. "वाड्याच्या भिंतीवर ओळीनं लावलेत. सकाळी मी एकेकाच्या तोंडाकडे बघत आले. कोणाचीच काही तक्रार नाही. आतून भुसा भरला आणि काचेचे डोळे लावले, की कोण कशाला तक्रार करतंय?"

मानाजीरावांनी डोळे मिटले. आता हिचं मुंडकं गेलं, असं त्यांना वाटलं. पण कानावर आलं ते महाराजांचं हसू. ते इतक्या मोठ्यानं हसले, की हरणी पाडसाला घेऊन पार टेकडीपलीकडे गेली.

"फासे आजच्या आज शिवल्याच्या हातात द्या," महाराज डोळे पुशीत म्हणाले. "आणि आजपासून या माळाची राखणदार झुंबर. वर्षाला बारा पोती जोंधळा सरकारातून. कायदा सगळ्यांना एकच. बंदूक घेऊन इथे यायचं तर आधी हिची परवानगी, मग तो सरदार असो नाहीतर मी."

मानाजीरावांनी घसा खाकरला. "मग आम्हाला परवानगी कधी मिळेल?"

"हरणं वाढली की," झुंबर म्हणाली.

"आणि ती कधी वाढतील?"

"तुम्ही घरी बसलात की, सरदार."

महाराजांना हसता हसता ठसका लागला, आणि गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून त्यांनी झुंबरच्या हातावर ठेवला.