कवडीची वाळू

एका राज्यात असा रिवाज होता, की गेलेल्या माणसाने शेवटचा हात ज्या वस्तूला लावला, ती वर्षभर कुणी हलवायची नाही. विडा अर्धा तर अर्धा, समई तिरकी तर तिरकी. राजा तुंगवीराची राणी शालवती नुकतीच गेली होती, म्हणून तो हा रिवाज सगळ्यांत कडक पाळत होता.

राणीने शेवटचा हात लावला होता वाळूच्या परातीला. तिची मांजर कवडी त्या परातीत देहधर्म करी. राणी रोज सकाळी स्वतः घाण काढी, नवी वाळू घाली आणि बोटांनी सारखी करी. तिच्या चार बोटांच्या रेघा वाळूच्या कडेला तशाच राहिल्या होत्या. राजाने परातीपाशी पहाऱ्याला भालाईत बसवले आणि फर्मावले, "मांजराने खुशाल जावे. माणसाचा हात लागता कामा नये."

झाले! आठवड्यात परातीजवळ उभे राहवेना. कवडीने राजाच्या पलंगावर घाण केली, मग राज्याभिषेकाच्या शालीवर. मांजर स्वच्छतेत माणसाला चार धडे देईल, पण हे राजाला सांगतो कोण? दरबारी नाकाला शेला लावत आणि म्हणत, "चंदन दरवळते आहे, महाराज."

तिसऱ्यांदा तिने सिंहासनावर केली, तेव्हा राजाने कवडीसमोरच धूम्रकंठ मांत्रिकाला बोलावले.

"हिची खोड मोड."

"मोडतो. पण दिलेला मंत्र मला परत घेता येत नाही."

"परत मागतो कोण?"

धूम्रकंठाने चिमूटभर राख फुंकली. "परातीबाहेर केले, की दर खेपेला एक पाय दगडाचा होईल. चौथ्या खेपेला सगळी मांजर." एवढे बोलून तो धूर झाला आणि गवाक्षातून गेला.

तीन दिवसांत कवडीचे तीन पाय दगडाचे झाले. चौथ्या दिवशी दुपारी ती एका पायावर फरपटत परातीपाशी गेली, तिने हुंगले आणि ती तशीच मागे फिरली. राजाने हे पाहिले. मग त्याने पहिल्यांदाच परातीत डोकावून पाहिले आणि स्वतःच नाकाला शेला लावला.

"ही मला तीनदा सांगत होती," तो म्हणाला. "आणि मी हिच्यावर मांत्रिक घातला!" एवढा मोठा राजा भालाइतांदेखत रडला.

गवाक्षात एक भारद्वाज येऊन बसला. त्या राज्यात भारद्वाज बोलत.

"राजा, मंत्र ज्याने मागितला त्यालाच तो उतरवता येतो. कामे तीन. दिवस मावळायच्या आत कर, तिला फार वेळ धरवणार नाही."

"सांग, पक्षिराज."

"मगरीच्या डोहातली वाळू स्वतः आण. वर्दळ नाही, पहारा नाही, अशी जागा तिला शोधून दे."

"आणि तिसरे?"

"ते तुला ठाऊक आहे."

राजा डोहावर गेला. मगरीने वाळूच्या बदल्यात मुकुट मागितला, त्याने तो काढून दिला. फुलघरामागे एक निवांत कोपरा होता, तिथले पहारेकरी त्याने घालवून दिले. मग तो परातीपाशी आला आणि त्याचे हात चालेनात. घाणीच्या कडेला त्या चार रेघा अजून होत्या. त्याच्यापाशी तिचे एवढेच उरले होते.

कवडी थरथरत होती. उन्हे भिंतीवर चढली होती.

"शालवती, चुकलो," राजा म्हणाला. त्याने परात उचलली, नदीत रिकामी केली, घासली, फुलघरामागच्या कोपऱ्यात मांडली आणि तीत डोहातली वाळू घातली. दगडाने जड झालेली मांजर त्याने दोन्ही हातांनी आणून आत ठेवली. कवडीने चांगल्या पायाने खड्डा उकरला आणि त्यात केले. एकेक करून तिचे तिन्ही पाय मऊ झाले. तिने वाळू नीट लोटली आणि निघून गेली.

रिवाज मोडला, मोठ्या घरांतून अडकलेल्या वस्तू हलल्या, सिंहासन धुतले गेले. कवडी पुन्हा कधी परात चुकली नाही. राजा रोज सकाळी स्वतःच्या हाताने वाळू बदली आणि हाक मारी, "कवडे, ये गं." ती दुरून बघे आणि वळसा घालून जाई.

वर्ष झाल्यावर त्याने भारद्वाजाला विचारले, "मंत्र पुरता उतरला ना?"

"उतरला."

"मग ही माझ्याजवळ का येत नाही?"

"तू मंत्र मागितलास," भारद्वाज म्हणाला, "तेव्हा ती तिथेच बसली होती."

राजाने मान खाली घातली आणि वाळू सारखी करायला घेतली.