सगुणेचा मुजरा

संस्थानच्या शाळेत पहिली आलेल्या सगुणेला बक्षिसासाठी दरबारातून बोलावणे आले आणि तिच्या बापाची, सनईवाल्या भिकोबाची, झोप उडाली. पोरीला चष्मा लागून महिनाच झाला होता. आधी जेवताना, मग खेळताना, असे करत त्याने तिला सवय लावली होती. चष्मा सोडला तर एक डोळा अधू होईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. आणि महाराजांसमोर चष्मा घालणे ही दरबारात बेअदबी मानली जाई.

दरबाराच्या दारातच दिवाणसाहेब सगुणेला आडवे आले. "काढ तो चष्मा. पुन्हा घातलास, तर तुझा बाप उद्या नगारखान्यात दिसणार नाही."

सगुणेने चष्मा दिवाणांच्या हातात दिला. ते महाराजांच्या गादीशेजारी जाऊन उभे राहिले. सगुणा चाचपडत पुढे गेली आणि तिने दिवाणांनाच वाकून मुजरा केला.

महाराजांनी विचारले, "पोरी, मुजरा कोणाला केलास?"

"सरकारांना," सगुणा म्हणाली. "चष्म्याशिवाय मला माणसं दिसत नाहीत, नुसते फेटे दिसतात. सगळ्यात मोठा फेटा यांचा. वाटलं, राज्य हेच चालवतात."

महाराज हसले नाहीत. ते दिवाणांकडे बघत राहिले. दिवाणांनी स्वतःच सगुणेच्या कानांवर चष्म्याच्या काड्या अडकवल्या आणि तिला गादीकडे वळवले.

"बाळ, सरकार इकडे आहेत," ते म्हणाले. "नीट बघ."